पंपाचा आवाज

“तारा उलट्या जोडल्यात,” शिवमूर्ती मिस्त्री म्हणाला. धरणातून ओढून काढलेल्या लोखंडी नावेतून अजून पाणी ठिबकत होते. “लाल तार मायनसला, अन् पत्र्याला अर्थिंग दिलेली काळी तार प्लसला. दिव्याला काय, कसंबी जोडा, पेटतो. पंप मातर उलटा फिरतो. आवाज करून राहतो, नावेतलं पाणी उपसत न्हाई.”

सत्यशीलेने डोळे मिटले. वारा उठला त्या संध्याकाळी तो आवाज तिने काठावरून ऐकला होता. पंप चालू आहे, एवढ्यावर ती निर्धास्त राहिली. भरत चाललेल्या नावेत तिचा नवरा लखनही तसाच निर्धास्त असावा.

बॅटरी कोणी जोडली, हे विचारावे लागले नाही. चार्ज करून घरी आणलेली ती जुनी बॅटरी, खंडेनवमीची पूजा झाल्यावर, लखनच्या धाकट्या भावाने नावेत बसवली होती. आता तो, संगमेश, त्या बॅटरीपुढेच उकिडवा बसला होता आणि तिचे एक टोक अंगठ्याने पुसत होता.

“प्लस-मायनस झिजलं असंल,” मिस्त्री म्हणाला. “पण प्लसला लाल खूण असती की रं. तीबी बघितली न्हाईस?”

संगमेशचा अंगठा थांबला.

“न्हाई,” तो म्हणाला. “काहीच बघितलं न्हाई. चूक माझी हाय.”

“भावजी,” सत्यशीलेचा आवाज चढला नाही, “ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली, त्याच्यासाठी एकडाव खाली वाकून बघणं झालं न्हाई तुमच्यानं? आता माझ्या उंबऱ्याला पाय लावू नका.”

त्याने एकदाच मान वर केली. तिच्या रिकाम्या कपाळाकडे पाहिले आणि उठला. बांधावरून तो दिसेनासा होईपर्यंत ती वाट पाहत राहिली. त्याने भांडावे, काहीतरी सबब सांगावी, म्हणजे तिचा राग तरी उभा राहिला असता.

“वैनी, ही घरी न्यायची का?” मिस्त्रीने बॅटरी तिच्या पायाशी ठेवली.

ती वाकली. दोन्ही टोकांवर ग्रीसचा जाड थर होता; प्लसची लाल खूण त्याखाली दडली होती. दुसरे, लाल तार जोडलेले मायनसचे टोक, त्याने पुसून जवळजवळ लख्ख केले होते. त्याच्या बुडाशी, पाण्याला न धुता आलेले आणि अंगठ्याला न पोचता आलेले, कुंकू उरले होते.

खंडेनवमीच्या सकाळी, ‘माझ्या धन्याला सांभाळ’ म्हणत, तिनेच लावलेले.