बासष्टचा आकडा

प्रश्न ७. उमेदवाराची एखादी उणीव.

फार हुशार आहे. खोडलं. ही काय उणीव झाली?

फार कमी बोलते. खोडलं. मुलाखत घेणाऱ्यांना कमी बोलणारीच माणसं आवडतात.

तिने पेन खाली ठेवलं. पत्रावर सही मॅडमची जाणार होती, पण मॅडमचा शिरस्ता असा की शिफारसपत्राचा मसुदा विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा आणि वर सही ठोकायची. सकाळी त्यांनी तिला बोलावून फॉर्म हातात दिला. तिला वाटलं, आपलाच. नाव बघितलं तर पहिलीचं. तुझी भाषा बरी आहे, तूच लिही, मॅडम म्हणाल्या. आणि तिला सांगू नकोस, तुझ्या पत्राचं मी बघते.

पहिली हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. वर्गात पहिली, प्रयोगशाळेत पहिली, म्हणून सगळे पहिलीच म्हणत. दुसरी कोण, हे कोणी विचारत नसे. दुसरी ती होती. आणि पीएचडीची जागा एकच होती. आता तिने बसून पहिलीचेच गोडवे गायचे.

प्रश्न १. उमेदवाराला किती काळ ओळखता?

दोन वर्षं. एक बाक, एक सूक्ष्मदर्शक. तळ्याच्या तळातून काढलेल्या गाळातले परागकण शोधायचे, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी काठावर कुठली झाडं होती ते कळतं. सकाळची पाळी पहिलीची, दुपारची तिची. ती येऊन बसायची तेव्हा खुर्ची अजून कोमट असायची. शेजारी पहिलीची वही. त्यात एकेका कणाचं चित्र असं काढलेलं, की बघून पोटात दुखावं. दुखायचंच. मोठी बहीण फोनवर म्हणायची, बाई गं, तू अभ्यास परागकणांचा करतेस की तिचा?

त्यातली सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट बहिणीलाही सांगण्यासारखी नव्हती. सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्या आपापल्या डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे जवळ-लांब कराव्या लागतात. मध्ये मिलिमीटरचा आकडा असतो. तिचा बासष्ट. पहिल्याच दुपारी ती बसली, तर आकडा आधीच बासष्टवर. पुढच्या दुपारीही. म्हणजे पहिलीचाही बासष्टच. डोळ्यांमधलं अंतरसुद्धा आपलं म्हणून उरलं नाही. दोन वर्षांत तिने त्या नळ्यांना बोट लावलं नव्हतं. लावायची गरजच पडली नव्हती.

तिने पेन उचललं.

काम झालं की सूक्ष्मदर्शक स्वतःच्या डोळ्यांना लावलेला तसाच सोडून जाते. नंतर बसणाऱ्याचा विचार करत नाही.

खोडलं नाही. पुन्हा वाचलं. पहिलं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं, आणि दुसऱ्या वाक्यातलं खोटेपण कोण शोधणार होतं? मॅडमनी वरवर नजर फिरवून सही ठोकली.

प्रश्न ६. गुणपत्रिकेत न दिसणारा एखादा गुण.

हे तिने लिहिलेलं नव्हतं. मुलाखतीच्या लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते आणि मधले सर तिच्याच शिफारसपत्रातून वाचत होते. पहिली बाहेर बाकावर होती. पुढचा नंबर तिचा. ही आत येत असताना पहिलीने हात पुढे करून हिची दुमडलेली कॉलर सरळ केली होती, आणि हिला त्याचाही राग आला होता.

"'काम संपवून जाताना ती सूक्ष्मदर्शक आपल्या सोबतिणीच्या डोळ्यांना बसेल असा लावून ठेवते,'" सर वाचत होते. "'रोज. सकाळी येऊन बघावं तर बासष्ट. दोन वर्षांत तिने हे एकदाही बोलून दाखवलेलं नाही.'"

सरांनी चष्मा काढला. असं शिफारसपत्र आपण प्रथमच वाचतोय म्हणाले.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मॅडम सूक्ष्मदर्शकाकडे फिरकल्याही नव्हत्या. बासष्ट हा आकडा जगात दोनच माणसांना ठाऊक होता. तुझ्या पत्राचं मी बघते म्हणजे मॅडमनी काय बघितलं, ते आता कळलं. हाच फॉर्म पुढ्यात घेऊन पहिली प्रयोगशाळेतल्या त्याच बाकावर बसली असणार. तिला काही खोडावं लागलं नसणार. पत्र लिहिण्यातसुद्धा तीच पहिली आली होती.

सरांनी दुसरा कागद पुढे ओढला. "खरं तर विचारू नये. पण बाहेर बसलेली मुलगी तुमच्याच बाकावरची, आणि तिच्या पत्रात नेमकं उलटं आहे. उपकरण स्वतःच्या सोयीने सोडून जाते म्हणे. आमच्याकडे एका उपकरणावर पाच-पाच जण असतात. म्हणून विचारतो. खरं आहे का हे?"

हो म्हटलं की झालं. खरं तर होसुद्धा नको होतं. नुसती मान खाली घालून गप्प बसलं तरी पुरे. वर, मैत्रिणीला कशी सांभाळून घेते बघा, असंही दिसलं असतं.

तिने मान खाली घातली. टेबलावर दोन्ही पत्रं शेजारी-शेजारी पडली होती. खाली सही एकच.

"दोन्ही पत्रं चुकीची आहेत, सर," ती म्हणाली. "आम्हा दोघींचा आकडा एकच आहे. दोन वर्षांत तो कोणीच हलवलेला नाही."