उचललेला पाय

घरच्या मैदानावरचा आइस हॉकीचा अंतिम सामना शेवटच्या मिनिटाला चकती जाळ्यात गेल्याने हातून गेला. ड्रेसिंगरूममध्ये प्रशिक्षक गोलरक्षक रेमीवर बरसला, “ती चकती माझ्या आजीनेसुद्धा अडवली असती! सामान बांध आणि क्वेबेकला घरी जा.” बचावपटू वॉर्केंटिन सतरा वर्षं अशा चकत्या अंगावर झेलत आला होता, जबडा, बरगड्या, घोटा, सगळं एकेकदा मोडून झालं होतं. आज मात्र चकती येताना त्याने पाय उचलला होता, ती खालून थेट जाळ्यात गेली होती आणि गर्दीत ते कुणालाच दिसलं नव्हतं. तो उठला. “त्याला बोलू नका. मीच घाबरून पाय उचलला.” प्रशिक्षकाचा आवाज खाली आला. “तू? घाबरलास? म्हाताऱ्या, सामना संपला. दुसऱ्याचा मार अंगावर घेणं आता तरी सोड!” सगळ्यांनी काठ्या जमिनीवर आपटून दाद दिली. रेमीने त्याला मिठी मारली. “आजवर माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं, वॉर्की.”