भांडणाने जुळलेली ओळख

लिस्बनला राहायला येऊन आठवडा होत आला, तरी शर्वरीचा फोन मुकाच होता. मोबाइलचे मनोरे पाडल्यापासून फोन आसपासच्या ओळखीच्या माणसांच्या फोनमधूनच चालत आणि त्यासाठी निदान एकाशी तरी समोरासमोर घटकाभर बोलणं व्हावं लागे. इथे मात्र सगळे हसून नमस्कार करत आणि पुढे सटकत. तिकडे चिपळूणला धाकटी बहीण मृण्मयी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती.

त्या सकाळी शर्वरीने वाळत घातलेल्या साडीचं पाणी खालच्या म्हाताऱ्या दुआर्तच्या कॉफीत ठिबकलं. तो तणतणत वर आला. तो पोर्तुगीजमध्ये, ही मराठीत, कुणीच हटेना.

"मग वाळत कुठे घालू? तुमच्या डोक्यावर?" शर्वरी ओरडली, आणि तिचा फोन वाजला. भांडण म्हणजेही बोलणंच की! फोनने ओळख मान्य केली होती.

"ताई, मुलगी झाली!" मृण्मयीचा थकलेला आवाज आला.

शर्वरी हसता हसता रडू लागली. आपण फारच बोललो, असं वाटून दुआर्त घाबरला. तिने फोन त्याच्यासमोर धरला. पडद्यावर लालबुंद बाळाने भोकाड पसरलं होतं. त्या आवाजापुढे दुआर्तने हात जोडले आणि जिन्यातून दारं ठोठावत तो सगळ्यांना बातमी सांगत सुटला.