तबकडीच्या शेवटचं नाव

ही गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, तेव्हा मी घरी हिची आवडती ग्रामोफोनची तबकडी पुसत बसलो होतो.

आमच्याच गल्लीत पूर्वी राहणाऱ्या कुणा बाईचं ते गाणं. त्या काळी गाणं संपलं की गाणारे स्वतःचं नाव सांगत. या बाईने सांगितलं नव्हतं, आणि तबकडीवरचं लेबलही कधीच निघून गेलं होतं. ते नाव ही आयुष्यभर शोधत राहिली. तबकडी लागली की मी टेबलावर बोटांनी ठेका धरायचो. "साथ चुकतेय हो तुमची," म्हणून ही हसायची.

काल मेहुणी आली. "भाऊजी, ताईची तबकडी लावा ना. घर कसं खायला उठतंय."

लावली. गाणं संपलं, खरखर झाली, आणि त्या बाईने स्पष्ट आवाजात हिचं नाव सांगितलं. माहेरच्या आडनावासकट.

"हे आधीपासून होतं?" मेहुणीने विचारलं.

"नव्हतं."

पुन्हा लावली. या वेळी गाण्याखाली टेबलावरचा ठेका ऐकू येत होता, मी चुकतो तिथेच चुकणारा. माझे हात मांडीवर होते. शेवटी हिचं नाव आलं आणि पाठोपाठ, "साथीला..."

मी पिन उचलली.

मेहुणी लगेच निघून गेली. तबकडी तशीच लावलेली आहे. साथीला कोण, ते ऐकायचं राहिलं आहे.