सहापैकी चार

"माणसाचा आत्मा हृदयात नसतो, मेंदूतही नसतो, तो असतो डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंत," असं प्रोफेसर शरीरशास्त्राच्या पहिल्याच तासाला ठणकावून सांगत. आता पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांच्या स्वतःच्याच सहांतले दोन, डोळा आडवा नेणारे, संपावर गेले होते. आणि मान, जीभ, हातपाय यांनी त्यांना बिनशर्त पाठिंबा दिला होता. प्रोफेसर इस्पितळाच्या पलंगावर ओंडक्यासारखे पडून होते. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"सर, डावीकडे बघा," डॉक्टर म्हणाला. "आता उजवीकडे."

डोळे जागचे हलले नाहीत.

'वर बघायला सांग, गाढवा,' प्रोफेसर आतल्या आत ओरडले. हा त्यांचाच विद्यार्थी. तोंडी परीक्षेत यानं डोळ्याची आडवी हालचाल घडाघडा सांगितली होती आणि वरखाली साफ विसरला होता. जेवायची वेळ झाली म्हणून सरांनी त्याला तसाच पास करून टाकला होता. आता त्यांनी जिवाच्या आकांतानं वर बघितलं. डॉक्टर तेव्हा फाईलमध्ये बघत होता.

"काकू, आत कुणी नाही," तो प्रोफेसरांच्या बायकोला हळूच म्हणाला. "संध्याकाळी श्वासाची नळी काढू. मोकळं होऊ द्या त्यांना."

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचा थोरला भाऊ उशाशी बसला होता. या मेव्हण्याला रडू आलं तरी विनोदच सुचायचे, तेही जुनेच.

"भावोजी, एक पेशंट म्हणतो, डॉक्टर, माझ्याकडे कुणी लक्षच देत नाही हो. डॉक्टर काय म्हणतो? पुढचा पेशंट पाठवा."

प्रोफेसरांचे डोळे छताकडे गेले.

"अगं, हे बघ," मेव्हणा बहिणीला म्हणाला. "आहेत ते आत. माझा विनोद ऐकला की हे तुमच्या लग्नापासून असेच वर बघतात."

"दादा, आता तरी पुरे कर रे," ती म्हणाली. पण पलंगाजवळ आली.

"तसे डोळे आपोआप हलतात," डॉक्टर म्हणाला. "त्यांना कळत काही नाही."

"माझ्या विनोदात न कळण्यासारखं असतं काय?" मेव्हण्यानं दुसरा सांगितला. डोळे छताकडे. मग तो नुसतं हवापाण्याचं बोलला. डोळे सरळ. तिसऱ्याला त्यानं नुसती सुरुवात केली, तोच डोळे वर.

डॉक्टरचा चेहरा पडला. तो वाकला. "सर, खाली बघता?"

डोळे खाली गेले.

"वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. चालेल, सर?"

डोळे वर गेले. बायकोनं नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"नळी राहू दे," डॉक्टर नर्सला म्हणाला, कुणाकडेही न बघता.

मेव्हण्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"भावोजी, आता खरं खरं सांगा. अजून एक सांगू?"