पुरातली नाव

"आण्णा, उदयसिंह त्या नावेत नव्हताच," क्रांती चपला काढता काढताच म्हणाली. "पूर आला तवा तो गगनबावड्यात अडकलेला. मी स्वतः तिथं जाऊन आलो."

कोल्हापूरच्या पोरी 'आले' म्हणत नाहीत, 'आलो' म्हणतात. आणि क्रांती जाऊन आली म्हणजे खणून आली, हे पार्श्वनाथ आण्णांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच हाताखाली ती बातमी लिहायला शिकली. आण्णा थकल्यापासून राजारामपुरीतलं त्यांचं सायंदैनिक तीच चालवत होती.

"कोण म्हणतंय?" आण्णांनी जुन्या सवयीनं विचारलं.

"झुंबरबाई. घाटाजवळ खानावळ हाय त्यांची. रस्ता बंद होता, पाणी उतरंपर्यंत साहेब त्यांच्याकडंच जेवत होते. माझं नाव घालून छाप म्हणाल्या. आणि हा गडी काल सभेत काय सांगतोय? पुरात मी लोकांसंगं पाण्यात होतो, विचारा पार्श्वनाथ आण्णांना!"

"हळू बोल," आण्णा म्हणाले.

आत आण्णांच्या पत्नी विजयमाला आक्का भाकरी थापत होत्या. या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, त्यामुळं चूल लवकर पेटलेली.

अनेकांत हा त्या दोघांचा एकुलता एक मुलगा. महापुरात कसबा बावड्याच्या रस्त्यावर तो गेला. शोकसभेत त्याचा शाळेपासूनचा दोस्त उदयसिंह उभा राहिला आणि रडत रडत म्हणाला, आम्ही दोघं एका नावेत होतो. माणसं बाहेर काढत होतो. नाव उलटली, तेव्हा अनेकांतनं मला ढकलून काठाला लावलं आणि स्वतः गेला.

सगळी सभा हुंदके देऊ लागली. पुराच्या त्या गोंधळात कोण कुठल्या नावेत होतं, हे कोण विचारत बसणार? चौकाला अनेकांतचं नाव मिळालं. उदयसिंहाला आधी नगरसेवकपद मिळालं आणि आता आमदारकीचं तिकीट. चौकाच्या उद्‌घाटनाला आक्का गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. दर दिवाळीला उदयसिंह पाया पडायला येई, तेव्हाही त्या चुलीपुढून उठत नसत. बिचारीचं दुःख अजून ओलं आहे, असं म्हणून आण्णाच त्याच्याशी दोन शब्द बोलत.

खरं काय ते आण्णांना त्याच आठवड्यात कळलं होतं. दूध घालणाऱ्या पिराजीनं शोकसभेच्या आदल्या दिवशी त्यांना एकट्याला गाठून सांगितलं, "आण्णा, पोरगं एकटंच होतं. मोटरसायकल घेऊन पाण्यात घुसलं. आम्ही लई वरडलो."

त्या सकाळी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. हा तोट्यातला पेपर बंद करा म्हणून मुलगा हटून बसला आणि आण्णांनी त्याला चालता हो म्हणून सांगितलं. तो गेला तो गेलाच.

मग उदयसिंहाची ती नाव आली. आण्णा उठून एवढंच म्हणाले असते, बाबा, हे खरं नाही, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शेजारी आक्का बसल्या होत्या. आपलं लेकरू माणसं वाचवताना गेलं, एवढ्याच आधारावर ही बाई जगेल, असं त्यांना वाटलं आणि ते गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा.

नाहीतर काय दिवस होते ते! पहिल्या पानावर 'खरं काय?' नावाची चौकट असायची. पुढाऱ्यानं कालवा झाला म्हणून सांगितलं, की आण्णा स्वतः त्या कोरड्या कालव्यात उभे राहून फोटो काढून घेत. संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर लोक आधी ती चौकट वाचत. मंत्री फोनवर शिव्या घालायचा आणि आण्णा शांतपणे विचारायचे, "साहेब, हेपण छापू का?" कागदाच्या गठ्ठ्यावर बसलेला चिमुरडा अनेकांत खो खो हसायचा. त्याचे शाईनं माखलेले हात आक्का रॉकेलनं पुसून काढायच्या. ते हात आठवले आणि आण्णांचे डोळे भरून आले. तो छापखाना, तो आवाज, ते पोर, काहीच उरलं नव्हतं.

"आण्णा," क्रांतीचा आवाज खाली आला. "पुढाऱ्याचं खोटं जसंच्या तसं छापलं की ते आपलं खोटं होतंय, हे तुमीच शिकवलंय. लोक छपरावर बसून हाका मारत होते हो. आणि हा त्यांचीच मतं मागतोय. तुमी नको म्हणा, ही बातमी इथंच फाडतो. पण मग ती 'खरं काय?'ची चौकट पुन्हा कधी काढणार न्हाय."

आण्णांनी आतल्या चुलीकडं पाहिलं. एकीकडं सगळ्या आयुष्याची कमाई आणि दुसरीकडं चुलीपुढं बसलेली बायको.

"छाप," शेवटी ते म्हणाले. "पण तिला पेपरातून कळता कामा नये. मी सांगतो आधी. थांब तू."

ते भिंतीचा आधार घेत आत गेले. आक्कांच्या शेजारी पाटावर बसले.

"अगं ऐक. मनाला लावून घेऊ नकोस. उदयसिंह त्या नावेत नव्हता. आपला अनेकांत..."

आक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग त्यांनी पिठाचा हात नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"छापू दे तिला," त्या म्हणाल्या. "पिराजी पैल्यांदा माझ्याकडंच आलता. त्या सकाळचं भांडण तुमाला जगू देणार न्हाय, म्हणून ती नावेची गोष्ट मीच उदयला सांगाय लावली."