मागची पंगत

"जर्मनीवाले, हात वर!" पोकोइना माइकमध्ये ओरडला. दोन टेबलांवरून हात वर झाले. "बरं झालं आलात. आयटुटाकीवर रात्री करण्यासारख्या दोनच गोष्टी. आमचा नाच बघा, नाहीतर झोपा. आणि नाच साडेनऊला संपतो."

पाहुणे हसले. दर शुक्रवारी याच वाक्याला हसतात. मग पोकोइना कोपऱ्यातल्या टेबलाशी आला. तिथे तुआकाना एकटाच बसला होता.

"आणि हे साहेब कुठले?"

"ऑकलंड."

ढोलवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. विमानातून कोण उतरलं, हे या बेटावर त्याची बॅग उतरायच्या आत सगळ्यांना कळतं. पोकोइना मात्र ओळख न दाखवता पुढच्या टेबलाकडे सरकला. भला माणूस.

तुआकाना एकोणीस वर्षांनी आला होता. बाप गेला तेव्हाही आला नव्हता. आज दुपारी तो घरापर्यंत गेला, अंगणातली बापाची कबर दिसली आणि रस्त्यावरूनच मागे फिरला. घरात आता अकाइती आत्या एकटी राहते. तिने दारातच 'कोण रे तू?' म्हटलं तर काय, ही त्याला भीती. शुक्रवारी इथे वाढायला तीच असते, हे त्याने हॉटेलात ऐकलं होतं. म्हणून तिकीट काढून आला. लांबून बघू, एवढंच.

जेवणाची रांग लागली. भुईतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर, अळकुड्या, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची भाजी. तुआकाना ताट घेऊन खाली मान घालून सरकत राहिला. भाजीच्या पातेल्यामागे आत्या होती. तिने पुढच्या बाईला हसून वाढलं. मग तुआकानाकडे पाहिलं. हसली नाही. हात पुढे करून तिने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं.

रांग थांबली. तुआकानाचे कान तापले.

"मी... तिकीट काढलंय," तो कसाबसा म्हणाला.

"काढ ना, दहा काढ. पाहुणे जेवायचेत अजून. घरची माणसं आधी जेवतात का रे कुठे?"

तिने त्या ताटात डुकराच्या कुरकुरीत कातडीचा मोठा तुकडा टाकला, केळीच्या पानाने झाकलं आणि मागे ठेवून दिलं. मग हातातला डाव त्याच्यापुढे धरला.

"ये इकडे, वाढायला लाग. दुपारी पळालास तेव्हा मागे धावता आलं नाही मला. गुडघे गेलेत."

तुआकाना पातेल्यामागे जाऊन उभा राहिला. भाजीत डाव बुडवला, पण पुढे आलेलं ताट त्याला नीट दिसेना.

"रडू नकोस तिथे," आत्या हळूच म्हणाली. "मीठ मी घातलंय."